रूळ होते, गाडी नव्हती

हैदराबादच्या उत्तर उपनगरांतून मौला अली ते सनतनगर असा २२ किलोमीटरांचा लोहमार्ग जातो. सिकंदराबादच्या गजबजलेल्या स्थानकास वळसा घालून मालगाड्या परस्पर पुढे काढाव्यात, एवढेच काम त्याच्याकडे वर्षानुवर्षे होते. नेरेडमेट, अम्मुगुडा, सुचित्रा, फिरोजगुडा या वस्त्या त्याच्या कडेने दाट होत गेल्या. त्यांच्या दारावरून माल बिनबोभाट जाई; माणूस मात्र बसच्या वाटेकडे डोळे लावून चौकात खोळंबे. ही स्थिती दैवाने आणलेली नव्हती, कारभाराने आणलेली होती.

शहरातील एमएमटीएस ही उपनगरी रेल्वे ९ ऑगस्ट २००३ रोजी सुरू झाली. तिच्या दुसऱ्या टप्प्यास २०१२-१३ साली मंजुरी मिळाली. खर्चाचे दोन हिस्से राज्याने व एक हिस्सा रेल्वेने उचलावयाचा, असे ठरले. पण ठरणे निराळे आणि थैली सोडणे निराळे! राज्याचा वाटा वेळेवर येत नाही, ही रेल्वेची तक्रार पुढे नित्याचीच झाली. अखेर मार्ग दुहेरी झाला, त्यावर वीज आली, सहा नवी स्थानके उभी राहिली आणि ५ मार्च २०२४ रोजी घाटकेसर-लिंगमपल्ली गाडीस हिरवा झेंडा दाखविण्यात आला. जो मार्ग जमिनीवर आधीच होता, त्यावर माणसांची गाडी धावण्यास अकरा वर्षे लागावीत, याचा जाब कोणी कोणास विचारावयाचा?

झेंडा हलला म्हणजे मार्ग जिवंत झाला, असे आम्ही मानीत नाही. पूर्वेच्या उपनगरातील कारकून, कामगार, विद्यार्थी यांना सकाळी हायटेक सिटीकडे नेणारी आणि सायंकाळी घरी आणणारी गाडी ठरल्या वेळी, थोड्याथोड्या अंतराने मिळाली, तरच तो जिवंत झाला म्हणावयाचे. एक गाडी चुकल्यास दुसरीसाठी तासन् तास बसावे लागेल, तर माणूस दुसऱ्या दिवशी स्थानकाकडे फिरकणार नाही. आणि मग ‘प्रवासीच नाहीत’ म्हणून आहेत त्याही गाड्या कमी करण्यास अधिकारी मोकळे!

मालवाहतुकीच्या नफ्यातून प्रवासी वाहतुकीचा तोटा भरून निघतो, हे आम्हांस ठाऊक आहे. मालगाड्या बंद करा, असे कोणी म्हणत नाही. परंतु सकाळ-सायंकाळचे मोजके तास माणसांसाठी राखून ठेवण्यास काय अडचण आहे? मार्ग दुहेरी केला, स्वयंचलित सिग्नल बसविले, ते कशासाठी? स्थानकापासून वस्तीपर्यंत बस पोहोचविण्याचे काम तर राज्याचेच आहे.

बिदर-भालकीकडून पोटासाठी हैदराबादेस गेलेल्या आपल्या माणसांचा हा रोजचा प्रश्न आहे. त्यांनी आता उद्घाटनाच्या कोनशिलेस हार घालीत बसू नये. वेळापत्रक हाती घेऊन हिशेब मागावा. रूळ सरकारचे असतील, वेळ मात्र जनतेची आहे.