पोवाड्यातली बाई : आई, आरती, नाहीतर फितूर

दरवर्षी 21 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगातल्या पिंपळाजवळ माणसे जमतात. 1858 साली याच दिवशी इंग्रजांनी बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांना फाशी दिली. मोलमपल्लीच्या या तरुण गोंड जमीनदाराने जंगोम दल उभारले आणि चांद्याच्या जंगलात इंग्रजांशी लढाई मांडली. त्यांचे पोवाडे गायलेच पाहिजेत. ज्यांचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आला नाही, त्यांचा तो डफावरच जगला. माझे भांडण आहे ते डफावर थाप पडल्यावर बाईचे जे काही केले जाते, त्याच्याशी.

मी आजवर ऐकलेल्या पोवाड्यांत बाईला तीनच जागा आहेत. ती वीराला जन्म देते, ती वीराला ओवाळते, किंवा ती वीराचा घात करते. शेडमाक्यांच्या कथेत ही तिसरी जागा अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली आहे. त्यांनी बाबुरावांना पकडवून इंग्रजांच्या हवाली केले, हे खरेच आहे. त्यांची वकिली करायला मी उभी नाही. पण तो प्रसंग आला की गर्दीतून हमखास ऐकू येते, ‘शेवटी बाईच ती!’ माझा सवाल इथे आहे.

बाबुरावांचे साथीदार, अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव बस्तरकडे निसटले. 1860 साली बस्तरच्या राजानेच त्यांना इंग्रजांच्या हाती दिले. काम तेच, मालकही तोच. पण ‘शेवटी पुरुषच तो’ असे कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. राजाने केले ते राजकारण आणि बाईने केले तो बाईचा स्वभाव, असा हा न्याय! लक्ष्मीबाई जमीनदारीच्या हिताने वागल्या. आपली जमीनदारी राखण्यासाठी इंग्रजांची बाजू धरणारे जमीनदार आणि संस्थानिक त्या काळी देशभर होते. हा वर्गाचा दोष आहे. तो बाईच्या जातीवर ढकलला की जमीनदारी सुटते, इंग्रज सुटतो आणि घरोघरची बाई मात्र अडकते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. मध्ययुगीन फ्रान्समध्येही आपल्या शाहिरांसारखे गायक वाद्यावर वीरगाथा म्हणत गावोगाव फिरत. त्यातली सर्वांत नावाजलेली रोलाँची गाथा सुमारे 4000 ओळींची आहे. तिच्यातला फितूर गानलों हा रोलाँचा सावत्र बाप. त्याला राग आहे, कारण आहे, दरबारात आपली बाजू मांडायला वेळ आहे, पाठीशी भाऊबंद आहेत. त्याला भयंकर शिक्षा होते, पण ती त्याच्या कृत्याची. त्यावरून सगळे पुरुष फितूर ठरत नाहीत. आणि रोलाँची वाग्दत्त वधू ओद? ती येते, रोलाँ कुठे म्हणून विचारते. बादशहा म्हणतो, तो मेला, त्याच्या बदली माझा मुलगा घे. ती तिथेच कोसळून मरते. तिला मिळाल्या जेमतेम तीसेक ओळी!

यावर आमचे शाहीर बंधू म्हणतील, ‘ताई, बायका रणात नव्हत्याच, तर गायचे काय?’ बंधूंनो, अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा सर्वांत जुन्या ज्ञात पोवाड्यांपैकी एक. तो जिजाबाईंच्या सांगण्यावरून रचला गेला, असे मानतात. म्हणजे पोवाडा सांगणारी बाई होती, पोवाड्यात मात्र तिला पाटावर बसवले. चांद्याची गोंड राणी हिराई हिने अठराव्या शतकाच्या आरंभी, नवरा बीरशहा गेल्यावर, राज्य चालवले. त्याची समाधी तिने बांधली, ती आजही शहरात उभी आहे. राज्य सांभाळणे हा पराक्रम नाही काय? की रक्त सांडल्याशिवाय पराक्रम होतच नाही?

आणि चिमूर? 16 ऑगस्ट 1942 च्या उठावातले हुतात्मे आपण गातो. पण नंतर गावात घुसलेल्या लष्कराने बायकांवर अत्याचार केले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपोषण केले. उपोषण करणाऱ्याचे नाव राहिले, ते योग्यच. पण अब्रूच्या नावाखाली बाईचे तोंड बंद करणाऱ्या समाजात, आमच्यावर काय झाले हे ज्या बायकांनी उघड सांगितले, त्यांचे धाडस तलवारीपेक्षा कमी होते काय? त्यांच्यासाठी एक चौकही रचला जात नाही, कारण भोगलेली बाई वीर असू शकते हे आपल्याला सुचतच नाही.

कोणी म्हणेल, या प्रश्नांनी आदिवासींच्या एकजुटीला तडा जातो. उलट आहे. जंगोम दलाला जंगलात भात-आंबील कोणी पोचवली, गावे जाळली गेली तेव्हा पोरेबाळे घेऊन कोण पळाले, हे विचारल्याने बाबुराव लहान होत नाहीत. ते एकटे नव्हते, एवढेच कळते.

मैत्रिणींनो, येत्या 21 ऑक्टोबरला आपण पिंपळाखाली जाऊ या. हार घालू, पोवाडा ऐकू. ‘शेवटी बाईच ती’ कानावर आले की तिथल्या तिथे उभे राहून विचारू, ‘आणि बस्तरचा राजा कोण होता?’ मग डफ मागून घेऊ. तो वाजवायला मिशा लागत नाहीत.