जुन्या गल्लीची थकबाकी

बँकेत १० वर्षं कुणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते. २०१४ सालचा नियम. पण बुडत नाही! खातेदार अकराव्या वर्षी उगवला, तरी पैसे मिळतात.

रस्त्यांच्या चित्रांना असा नियम का नाही? २०११ साली बंगळूरच्या पोलिसांनी गूगलची गाडी थांबवली. २०१३ साली मुंबईच्या कंपनीनं ‘वोनोबो’ काढलं : ५४ शहरं, खुर्चीत बसून हिंडा! पुढं तेही बंद पडलं. पडू दे हो, धंदा आहे. पण असली चित्रं सरकारी दप्तरात तरी जमा करून घ्यावीत की नाही?

शेजारच्या टेबलावरचे जोशी म्हणाले, “२०२२पासून गूगल दाखवतंय की मुंबई, पुणं, नाशिक!”

म्हटलं, “जोशीबुवा, नवं पासबुक दिलं म्हणून जुनं लेजर रद्दीत घालतो का आपण?”

दरम्यान आमची चाळ पडून टॉवर उभा राहिला. टॉवर रोज दिसतो, फुकट. मला बघायचाय तो कठडा, जिथं टेकून आई माझी वाट बघायची.

जोशी गप्प झाले. त्यांच्या दारातला वड रस्तारुंदीत गेलाय.