बॅटरी बदलण्याआधी मोजून घ्या

मैत्रिणींनो, शिरूर काय नि दौंड काय, दारात चारचाकी असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पण दारातली गाडी रोज चालतेच असं नाही. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत जाणारा माणूस कंपनीच्या बसने जातो. दौंडला रेल्वेत किंवा राज्य राखीव पोलीस दलात असलेला ड्यूटीवर दिवसचे दिवस बाहेर असतो. गाडी मात्र कव्हर घालून उभी. आणि नेमकं रात्री सासूबाईंच्या छातीत दुखू लागतं, किल्ली फिरवावी तर नुसता ‘टक्’ असा आवाज! त्या वेळी घरात असते ती बाईच. म्हणून हा विषय आपल्या पानावर हवा.

बचत गटाच्या बैठकांत मी एक तक्रार नेहमी ऐकते. ‘ताई, नवी बॅटरी टाकली, तरी दोन महिन्यांत पुन्हा तेच!’ बॅटरी म्हणजे चार-पाच हजारांचा फटका. महिना-महिना बचत करून साठवलेले पैसे असे जावेत आणि दुखणं जागेवरच राहावं, याला काय म्हणायचं?

गोष्ट साधी आहे. पाण्याची टाकी रात्रीत रिकामी झाली तर आपण लगेच नवी टाकी आणतो का? आधी बघतो, टाकीला चीर गेलीय, पाणी भरतच नाही, की कुठला नळ गळतोय? बॅटरीचंही तेच. एक तर ती म्हातारी झालेली असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीन ते पाच वर्षं हे तिचं साधारण आयुष्य. दुसरं, गाडी चालताना ती भरणारा अल्टरनेटर नीट काम करत नसतो. आणि तिसरं, गाडी बंद असतानाही काहीतरी वीज खात असतं.

घड्याळ, सेंट्रल लॉक वगैरे थोडी वीज खातातच. साधारण ५० मिलीअँपिअरपर्यंतचा खर्च चालण्यासारखा. पण डिकीतला ५ वॅटचा एक दिवा चालू राहिला तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-अवर वीज जाते. लहान गाडीची बॅटरी असते ३५ ची. म्हणजे दोन दिवसांत निम्म्याहून जास्त खलास! २०२० च्या टाळेबंदीत तर काही बिघाड नसलेल्या गाड्याही नुसत्या उभ्या राहून बंद पडल्या होत्या.

मग आपण काय करायचं? काही शेकड्यांत मल्टीमीटर मिळतो. एका गटात एक पुरे. गाडी बंद करून काही तास झाले की बॅटरीच्या दोन टोकांना त्याच्या तारा लावा. चालवून आणल्याबरोबर मोजलं तर आकडा फसवतो. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेलीच. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवा. नाही दिसला, तर चार्जिंगची बाजू तपासायला सांगा.

दोन्ही ठीक, तरी बॅटरी उतरते? मग ती पूर्ण भरून, उणे खुणेची तार काढून गाडी दोन दिवस उभी ठेवा. तार काढताना किल्ली मात्र हातात असू द्या. बटणावर सुरू होणारी नवी गाडी असेल तर आधी शोरूममध्ये विचारा. दोन दिवसांनी तार लावल्यावर गाडी झटकन सुरू झाली, तर बॅटरी बिचारी निर्दोष आहे, गळती गाडीत आहे. तार काढूनही बॅटरी उतरली, तर मात्र तीच गेली म्हणायची.

गळती शोधणं हे ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम. तो उणे तारेच्या मध्ये मीटर जोडतो, गाडी झोपी जाईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबतो आणि एकेक फ्यूज काढून बघतो. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, चोर त्याच वाटेवर. बहुधा तो मागाहून बसवलेला म्युझिक सिस्टीम, जीपीएस किंवा कॅमेरा निघतो. हे काम चालू असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल.

गॅरेजवाले सगळेच लबाड नसतात. पण समोर बाई दिसली की ‘ताई, तुम्हाला नाही कळणार, नवीनच टाका,’ असं म्हणायची सवय अनेकांना आहे. त्यावर आपलं उत्तर तयार हवं, ‘आधी मोजून दाखवा.’ भांडण नको, पण आकडा हवा.

यंत्र म्हणजे पुरुषांचं काम, हे आपल्या भागात तरी कुणी सांगू नये. याच दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शंभर वर्षांपूर्वी निराधार बायका छापखाना चालवत होत्या. त्यांना शिकवणारं कुणीतरी भेटलं, इतकंच. आपणही एकमेकींना शिकवू या. पुढच्या बैठकीत हळदी-कुंकवाच्या शेजारी एक मल्टीमीटरही ठेवा. अडल्या रात्री गाडी सुरू होणं हे दागिन्याहून मोलाचं आहे.