ओसाड कुणाला म्हणता?

'सड्यावर आहे काय? नुसता कातळ.' सावर्ड्यात राहून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता सरळ भांडतो. मे महिन्यात सडा वाळवंटच असतो, कबूल. सावली नाही, पाणी नाही, जांभा तापून तवा झालेला. पण त्याच तव्यावर टिटवी उघड्यावर अंडी घालते आणि ती खड्यांत अशी मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. दगडाखाली फुरसं असतं, म्हणून मी दगड उचलत नाही. श्रावण-भाद्रपदात इथंच सीतेची आसवं फुलते. कातळावरच्या मातीत पोट भरत नाही, म्हणून ती बारीक जीव पकडून खाते.

सातबाऱ्यावर मात्र हा सगळा पोटखराबा! नापीक म्हणजे निकामी, असं एकदा ठरलं की चिरेखाण काय, प्लॉटिंग काय, हळहळतो कोण? थारमध्येही तेच झालं. 'रिकाम्या' वाळवंटात विजेच्या तारा ओढल्या, माळढोक त्यांना धडकून मरू लागले. शेवटी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला तारा जमिनीखाली न्यायला सांगावं लागलं.

आपल्याच जिल्ह्यात कशेळीच्या सड्यावर प्राचीन काळी कुणीतरी भलामोठा हत्ती कोरला, त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरले. त्या माणसाला सडा रिकामा दिसला नव्हता. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. चित्राला मान मिळाला, भोवतीचा कातळ अजून पडीकच.

माझं मागणं साधं आहे. खाणीला परवानगी देण्याआधी त्या सड्यावर एक अख्खा पावसाळा काढा, काय काय जगतं ते मोजा. मग सांगा, ओसाड कोण ते.