मुक्काम पोस्ट हिंगोली

तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेलच. बॉस समोर ॲप्रायझलचा फॉर्म भरत असतो आणि हा एक्सेल उघडून दक्षिण अमेरिकेचं बजेट मांडत असतो! आमच्या टीममधल्या मित्राचा प्लॅन एकदम रेडी आहे. चिलीत सेकंडहँड व्हॅन घ्यायची, दक्षिणेच्या टोकाला उशुआयापर्यंत जायचं आणि मग उलटं फिरून बोलिव्हिया, पेरू करत कोलंबिया गाठायचं. तिथून पुढे पनामाला रस्ताच नाही. मध्ये शंभर किलोमीटरचं डारिएनचं जंगल आहे, त्यामुळे ट्रिप तिथं संपणार. डिझेल, व्हिसा, इन्शुरन्स, सगळ्याचे कॉलम तयार.

बायकोही सोबत जाणार आहे. तिनं तो एक्सेल शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "रात्री झोपायचं कुठं?"

आता या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं. असल्या प्रवाशांचं एक ॲप आहे, आयओव्हरलँडर. आधी गेलेले लोक नकाशावर टाचण्या मारून ठेवतात. इथं शांत आहे, इथं टॉयलेट आहे, इथं रात्री दोनला पोलिसांनी काच वाजवली, वगैरे. अर्जेंटिनात बऱ्याच गावांत नगरपालिकेचं कॅम्पिंग असतं. हायवेवरच्या पेट्रोल पंपांवर ट्रकवाल्यांच्या शेजारी व्हॅन लावून लोक बिनधास्त झोपतात आणि बऱ्याच पंपांवर सकाळी अंघोळही मिळते. जिथं काहीच नाही तिथं शेतकऱ्याला विचारायचं. सिंपल!

"मग आधी आपल्याकडे विचारून दाखव," ती म्हणाली. "तीन रात्री. हॉटेल नाही, लॉज नाही, नातेवाईक नाहीत. मला झोप लागली तर तिकिटं काढ."

जागा ठरवायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण मी हिंगोलीचा. म्हणजे वसमतचा, पण पुण्यात वसमत सांगितलं की पुढचे दोन प्रश्न वाढतात. तसं हिंगोली म्हटल्यावरही लोक "परभणीच्या जवळ ना?" असंच विचारतात. १ मे १९९९ला परभणीतून फुटून आमचा जिल्हा झाला, पण बातमी अजून कोथरूडपर्यंत पोचलेली नाही. ॲपवर आमच्या भागात एकही टाचणी दिसली नाही. म्हटलं, चला, आपणच मारू.

फेब्रुवारीतला लाँग वीकेंड पकडला. गाडी ईको. मागे प्लायची फळी, तिच्यावर गादी, खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे. ते दोघं गाडीत, मी शेजारी तंबूत. संभाजीनगर, जालना, जिंतूर करत निघालो.

पहिली रात्र : पाणी

जिंतूरकडून औंढ्याकडे येताना पूर्णा नदीवर एकामागे एक दोन धरणं आहेत. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. सिद्धेश्वरच्या पाण्याकाठी संध्याकाळी पाचला पोचलो. मित्राची गाडी सरळ पाण्याला भिडवायची तयारी चालली होती. फोटो कसला सही आला असता! पण पहिला धडा इथंच. येलदरीतून पाणी सुटलं की ते सिद्धेश्वरात येतं. ते कधी सुटेल, हे पाण्याकाठी झोपलेल्या माणसाला कुणी एसएमएस करून कळवत नाही. ओल्या मातीची रेघ कुठपर्यंत आहे ते बघायचं आणि तिच्या बऱ्याच वर, टणक जागेवर गाडी लावायची. आमच्याकडची माती काळी. कोरडी असताना फुटबॉल खेळा, पण दोन सरी पडल्या की ती टायर गिळते आणि मग ट्रॅक्टर येईपर्यंत तुम्ही हिंगोलीचे रहिवासी.

मग आम्ही वरच्या अंगाला एका शेताच्या धुऱ्यावर गेलो. मालक बैल सोडत होते. मी पुढं होऊन विचारलं.

"कोण गावचे तुमी?"

"वसमतचा."

"आडनाव?"

मी सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि माझ्या मामाच्या साडूपर्यंत जाऊन पोचले. झालं! गाडी गोठ्याशेजारी, अंगणातला बल्ब आमच्याकडे वळवलेला, ज्वारीची भाकरी, ठेचा, वर दुधाचा तांब्या. मी भलताच खूश होतो. मित्राला म्हटलंही, "बघ, हे आपलं ॲप. टाचणीबिचणी काही लागत नाही."

तिला मस्त झोप लागली. स्कोर एक-शून्य.

दुसरी रात्र : डुकरं

दुसऱ्या दिवशी नर्सीला गेलो. संत नामदेवांचं गाव. ते इथून निघाले आणि पार पंजाबात घुमानपर्यंत पोचले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. सातशे वर्षांपूर्वी, ईको नाही, गुगल मॅप्स नाही. खरा ओव्हरलँडर! शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखीही याच पट्ट्यातून, सेनगाव-नर्सी-औंढा अशी जाते. त्यांचं मात्र सगळं ठरलेलं. कुठल्या गावी जेवण, कुठल्या गावी मुक्काम, हे पिढ्यांपिढ्या पाठ. ॲपवाल्यांनी वारीकडून शिकवणी लावावी.

आज विचारायची पाळी मित्राची, कारण अर्जेंटिनात मी नसणार. त्यानं सगळं व्यवस्थित केलं. उजेड असताना गावात शिरला, गाडी लांब उभी केली, पायी गेला, नमस्कार घातला, "काका, एक रात्र गाडी लावू का? सकाळी सातला निघतो," म्हणाला. माझ्यापेक्षा शंभर पटीनं गोड बोलतो तो.

"कोण गावचे?"

"पुण्याचे."

"मूळचे? आडनाव काय?"

त्यानं सांगितलं.

काका काही वाईट बोलले नाहीत, हे आधी सांगतो. फक्त थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "इथं नाही जमणार. रात्री डुकरं येतात रानात. तुमी असं करा, शाळेपाशी लावा."

शाळेचं फाटक बंद होतं. तिथल्या एकानं पुढच्या वस्तीवर पाठवलं. तिथं पुन्हा तोच प्रश्न, तीच शांतता, फक्त डुकरांऐवजी कुत्री. तोवर अंधार पडला. अनोळखी गावात अंधारात विचारणं म्हणजे नाही ऐकण्याची गॅरंटी, हे कुठल्याही देशात खरंच असणार. पण हे 'नाही' अंधाराआधीचं होतं.

शेवटी अकोला-नांदेड हायवेवर एक पेट्रोल पंप गाठला. तेरा-चौदा ट्रक लागलेले. एका ड्रायव्हरनं आमची ईको दोन ट्रकांच्या मध्ये घ्यायला लावली. "लेडीज हायत ना, मग मधी लावा. कुणाची नजर जात नाही." टॉयलेट होतं, लाईट होता, रात्रभर एअर हॉर्नही होते. मित्र हसून म्हणाला, "अर्जेंटिनाची प्रॅक्टिस झाली."

मीही हसलो. ती हसली नाही. स्टोव्हवर चहा ठेवता ठेवता तिनं मला विचारलं, "काल तुमच्या त्या शेतात डुकरं नव्हती का रे?"

होती. पहाटे मीच त्यांचे माग पाहिले होते.

मी काय बोलणार? वसमतमध्ये वाढलो मी. 'आडनाव काय' या प्रश्नाचा अर्थ मला माहीत नाही असं म्हणालो तर खोटं होईल. पण मला त्या प्रश्नानं आजवर कायम दुधाचा तांब्याच दिला होता. म्हणून मी त्याला आमच्याकडचा पाहुणचार म्हणत होतो. तो पाहुणचार होताच. फक्त त्याला एक फाटक होतं आणि ते माझ्यासाठी आपोआप उघडायचं, म्हणून मला कधी दिसलं नव्हतं.

त्या रात्री तंबूत मला झोप लागली नाही. एअर हॉर्नमुळे, असं मी सकाळी सांगितलं.

तिसरी रात्र : हळद

सकाळी औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे मानतात. कोरीव काम बघत प्रदक्षिणा घालताना ती थांबली. "नंदी कुठंय?" नंदी मागच्या बाजूला आहे. तिथली कथा अशी की, नामदेवांना देवळातून उठवलं, तेव्हा ते मागे जाऊन भजन करत बसले आणि देऊळच त्यांच्या बाजूला फिरलं. जातीवरून उठवलं, हे नामदेवांनी स्वतःच एका पदात सांगून ठेवलंय आणि ते पदही ग्रंथसाहिबात आहे. ही गोष्ट मी लहानपणापासून दर सहलीला ऐकतोय. कालच्या रात्रीनंतर पहिल्यांदाच ती नीट ऐकली. ते दोघं मात्र काही बोलले नाहीत. नुसते मागच्या बाजूला जरा वेळ बसले.

औंढ्याजवळच 'लायगो-इंडिया' होतंय. गुरुत्वीय लहरी पकडणारी प्रयोगशाळा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. तिला कमालीची शांत जमीन लागते. शास्त्रज्ञांनी अख्खा देश धुंडाळून शांततेसाठी आमचा भाग निवडला, यापेक्षा मोठा रिव्ह्यू कॅम्पिंगला कुठला हवा?

संध्याकाळी वसमतच्या अलीकडे आलो. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे हळदीचा सीझन. जमिनीतून काढायची, वाफेवर शिजवायची, मग उन्हात दिवसचे दिवस वाळत घालायची. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये जीआयही मिळालाय. माल उघड्यावर असतो, म्हणून रात्री राखणीला माणसं असतात. एका शेतात कुकर पेटलेला, वाफेचे लोट निघताहेत, चार-पाच माणसं राबताहेत. मी गाडीतून उतरणार, एवढ्यात तीच उतरली.

एक मावशी चुलीपाशी होत्या. तिनं विचारलं. मावशींनी तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जेवलीस का माय?"

बस. एवढंच.

मालकाला फोन लावला. त्यानं विचारलं, किती जण आहेत आणि विडी-सिगारेट ओढतात का. शेजारी वाळलेला पाला होता ना. ओढत नाही म्हटल्यावर हो म्हणाला.

मावशी दुसऱ्या तालुक्यातल्या. अख्खं कुटुंब सीझनभर शेताशेतांतून कुकरबरोबर फिरतं. "आमी बी मुक्कामालाच हाव," त्या म्हणाल्या. "मुक्कामाच्या माणसाला काय विचारायचं?" वर एक सूचनाही दिली. "रात्री जमीन गुरगुरली तर भिऊ नका. इकडं होतं आसं." खरंय. वसमत तालुक्यातल्या काही गावांत जमिनीतून आवाज येतात आणि २१ मार्च २०२४च्या सकाळी तर ४.५ रिश्टरचा धक्काही बसला होता. रात्रभर कुकर चालू, माणसं जागी, कपड्यांना हळदीचा वास. ती ढाराढूर झोपली. पडदेसुद्धा न लावता!

तर मंडळी, तुम्हीही निघणार असाल तर आमच्या तीन रात्रींची कमाई ही घ्या. दिवस मावळायच्या तासभर आधी जागा ठरवा. गाडी लांब ठेवा, पायी जाऊन विचारा. किती जण, किती रात्री आणि सकाळी किती वाजता निघणार, हे न विचारता सांगा. उभ्या पिकाजवळ नको, कापणी झालेल्या रानात चालतं. धरणाच्या ओल्या रेघेच्या वर राहा, भिंतीजवळ जाऊ नका. ईसापूर धरणाच्या बाजूला अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय रात्र काढायची नाही. काहीच नाही जमलं तर ट्रकवाल्यांचा पंप जिंदाबाद. चूल पेटवायची तर मालकाला विचारून. मे महिन्यात येऊ नका, भाजून निघाल. आणि बरोबर विचारणारा असा माणूस असेल की ज्याला सगळीकडे हो मिळतं, तर एखाद्या रात्री त्याला गाडीत बसवून ठेवा. गाव खरं कसं आहे, ते तेव्हा कळतं.

परतीच्या वाटेवर, जालन्याच्या पुढं, मित्रानं विचारलं, "मग? तिकिटं काढू?"

"काढ," ती म्हणाली.

"भीती नाही वाटत आता? अनोळखी देश, अनोळखी भाषा..."

"छे रे! तिथं आपलं आडनाव कुणाला वाचतासुद्धा येणार नाही. मस्त झोप लागेल."

मी ड्रायव्हिंग करत होतो. रस्त्याकडे बघत राहिलो. ॲपवर तीन टाचण्या मारायचं मी कबूल केलं होतं. सिद्धेश्वरची टाचणी मारायला घेतलीय. 'मालक प्रेमळ, पाणी आहे, दूध मिळतं' एवढं लिहून झालंय. पुढचं वाक्य कसं लिहायचं, ते अजून सुचत नाहीये.