यंत्रांशी गप्पा : टाकी मोठी, नळ बारीक

दोस्तांनो, या आठवड्यात कोल्हापूरहून नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. पत्र लांबलचक आहे, म्हणून त्यातला मुद्द्याचा भागच इथे देतो.

"आमच्याकडे डेल प्रिसिजन टी ३५०० हा जुना वर्कस्टेशन संगणक आहे. एका आर्किटेक्टच्या ऑफिसातून बाबांनी तो सेकंडहँड घेतला. मला आणि दादाला ब्लेंडरमध्ये कार्टून फिल्म करायची आहे, पण एकेक चित्र तयार व्हायला फार वेळ लागतो. दोन वर्षं साठवलेल्या पैशातून आम्ही आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड घेणार आहोत. कार्डाला आठ पिनांचा वीजपुरवठा लागतो, आमच्या संगणकात तशी वायर नाही. दुकानदार म्हणाले, 'काळजी नको, हार्ड डिस्कच्या वायरीला हा कन्व्हर्टर लावा, झालं काम!' एसएमपीएस ५२५ वॅटचा आहे. एवढे वॅट पुरतील ना? लावू का कन्व्हर्टर?"

थांब गं बाई, लावू नकोस! का लावू नकोस, ते आज नीट समजून घेऊ. जुन्या संगणकात नवं कार्ड बसवायला निघालेले तुमच्यापैकी आणखीही कितीतरी जण असतील.

आधी बेरीज करू

एसएमपीएस म्हणजे संगणकाची वीजपेटी. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज तयार करते. टी ३५०० हे मॉडेल २००९ सालचं. त्यातला झिऑन डब्ल्यू ३५२० प्रोसेसर भरात असला की १३० वॅटच्या आसपास घेतो. मदरबोर्ड, रॅम, पंखे आणि डिस्क मिळून ढोबळमानाने ७५ वॅट धरू. आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट.

१३० + ७५ + १७० = ३७५ वॅट.

वीजपेटी ५२५ ची, खर्च ३७५. वर १५० शिल्लक! मग अडलं कुठे? बहुतेक जण इथेच फसतात. बेरीज बरोबर आहे, पण प्रश्न नुसत्या बेरजेचा नाहीच.

तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी असते. तरी तुमच्या मोरीतली बादली भरायला किती वेळ लागतो, हे टाकीवर नाही, नळावर ठरतं. अर्धा इंची नळातून येईल तेवढंच पाणी येणार. विजेचंही थोडंफार तसंच. वीजपेटीत किती वॅट आहेत याच्याइतकंच महत्त्वाचं, की ते कार्डापर्यंत कुठल्या वाटेने जातात.

कार्डाकडे जाणाऱ्या तीन वाटा

पहिली वाट म्हणजे कार्ड ज्यात बसतं तो स्लॉट. पीसीआय एक्सप्रेसच्या नियमाप्रमाणे ग्राफिक्सचा मोठा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. पण लांब दिसणारा प्रत्येक स्लॉट तेवढे देतोच असं समजू नका. काही स्लॉट दिसायला लांब, आतून मात्र छोट्या कामाचे असतात. कुठला स्लॉट ग्राफिक्सचा, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

दुसरी वाट सहा पिनांच्या वायरीची. तिची मर्यादा आणखी ७५ वॅट.

तिसरी वाट आठ पिनांच्या वायरीची. तिची मर्यादा १५० वॅट.

पूर्वी पहिल्या वाटेवरच सगळं भागायचं. पण कार्डांची भूक वाढत गेली. २००० साली आलेल्या वूडू ५ ५५०० या कार्डाला हार्ड डिस्कसारखी वेगळी वीजवायर जोडावी लागे. २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० ची भूक तर ४५० वॅटवर गेली!

मर्यादा घट्ट पाळल्या नाहीत तर काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. २०१६ च्या जूनअखेरीस एएमडी कंपनीचं आरएक्स ४८० हे कार्ड बाजारात आलं. कार्ड १५० वॅटचं आणि वायर एकच, सहा पिनांची. म्हणजे स्लॉटचे ७५ आणि वायरीचे ७५, बरोब्बर काठोकाठ! परीक्षकांनी मोजून पाहिलं तर कार्ड स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होतं. कंपनीने जुलैमध्येच नवा ड्रायव्हर काढला आणि स्लॉटवरचा भार कमी केला. हे कार्ड तर नवंकोरं होतं. मग पंधरा वर्षांहून जुन्या मदरबोर्डावर आपण किती जपून वागायला हवं, बघा!

कन्व्हर्टर खोटं बोलतो

आता दुकानदारांच्या कन्व्हर्टरकडे येऊ. हार्ड डिस्कला वीज देणारा जो चपटा साटा कनेक्टर असतो, त्यात १५ पिना असतात. त्यातल्या तीनच पिना १२ व्होल्टच्या. एका पिनेची मर्यादा दीड अँपिअर. म्हणजे तीन पिनांचे मिळून साडेचार अँपिअर.

४.५ × १२ = ५४ वॅट.

हार्ड डिस्कला एवढे भरपूर झाले. पण हा कन्व्हर्टर एका टोकाला ५४ वॅटची वाट पकडतो आणि दुसऱ्या टोकाला १५० वॅटचं तोंड दाखवतो.

गंमत अशी, की आठ पिनांच्या कनेक्टरमध्ये सगळ्या पिना वीज आणणाऱ्या नसतात. त्यातल्या दोन पिना कार्डाला नुसती खूण देतात, "इथे १५० वॅटची सोय आहे बरं का!" कन्व्हर्टर बनवणाऱ्याने या खुणेच्या पिनाही जोडून टाकलेल्या असतात. बिचारं कार्ड त्यावर विश्वास ठेवतं आणि वीज ओढायला लागतं. तिकडे हार्ड डिस्कचा नाजूक कनेक्टर तापू लागतो.

किती तापेल? घरच्या २३० व्होल्टवर १७० वॅटला पाऊण अँपिअरसुद्धा लागत नाही. पण १२ व्होल्टवर त्याच १७० वॅटला १४ अँपिअर लागतात! व्होल्ट कमी म्हणून शॉकची भीती कमी, पण अँपिअर जास्त म्हणून उष्णतेची भीती जास्त. आणि जूलच्या नियमाप्रमाणे विद्युतधारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. आठ पिनांच्या तोंडातून पूर्ण १५० वॅट ओढले, तर साडेबारा अँपिअर वाहतील. साडेचारच्या जागी साडेबारा, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. त्यामुळे पिनांपाशी उष्णता होईल जवळजवळ आठपट! मग प्लास्टिक मऊ पडतं, पिन ढिली होते, ढिली पिन आणखी तापते. शेवटी कनेक्टर वितळतो. नशीब वाईट असेल तर पेटतोही.

वाईट भाग असा, की हे पहिल्या दिवशी होत नाही. दुकानात लावून दाखवतात तेव्हा पडद्यावर चित्र झकास येतं. खरी परीक्षा असते ती घरी, रात्रभर फिल्मचं काम लावून सगळे झोपलेले असताना.

वीजपेटीचं लेबल वाचा

कॅबिनेट उघडलं की वीजपेटीच्या अंगावर लेबल दिसेल. त्यावरचा मोठा आकडा सोडा आणि +१२ व्होल्टची ओळ शोधा. ग्राफिक्स कार्ड बहुतेक सगळी वीज याच ओळीतून घेतं. ५ आणि ३.३ व्होल्टचे वॅट त्याच्या फारसे उपयोगाचे नाहीत, पण मोठ्या आकड्यात तेही मिळवलेले असतात!

वर्कस्टेशनच्या लेबलावर १२ व्होल्टच्या दोन-तीन किंवा जास्त ओळी दिसतात. समजा एका ओळीवर १८ अँपिअर लिहिलंय. १८ × १२ = २१६ वॅट. ही त्या एका ओळीची हद्द. दुसऱ्या ओळीवर वीज शिल्लक असली, तरी ती इकडे मिळेलच असं नाही.

शिवाय पेटीचं वय पाहा. तिच्यातले कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कमजोर होतात. नवी असताना ५२५ वॅट पेलणारी पेटी म्हातारपणी तेवढंच ओझं तितक्याच आरामात उचलेल, असं धरून चालू नका.

मग नवी वीजपेटीच घेतली तर? घेता येईल, पण आधी चौकशी करा. वर्कस्टेशनच्या पुष्कळ मॉडेलांमध्ये पेटीचा आकार किंवा पिनांची मांडणी बाजारातल्या साध्या पेटीपेक्षा वेगळी असते. कनेक्टर बसला म्हणजे तो बरोबरच असतो असं नाही. चुकीच्या पिनेवर चुकीचे व्होल्ट गेले, तर मदरबोर्ड क्षणात निकामी.

मग आमच्या मैत्रिणीने काय करावं?

टी ३५०० मध्ये सहा पिनांच्या दोन वायरी असतात. पत्र लिहिणाऱ्या मुली, आधी कॅबिनेट उघडून त्या आहेत का बघ. दोन सहा पिनी वायरी मिळून एक आठ पिनी करणारी जोडवायर मिळते. ७५ आणि ७५ मिळून १५०, म्हणजे निदान कागदावर तरी ती खोटं बोलत नाही. पण आरटीएक्स ३०६० साठी कार्डाची कंपनी ५५० वॅटची वीजपेटी सुचवते. तुमची ५२५ ची, तीही जुनी. मी तुला हा मार्ग सुचवणार नाही.

त्यापेक्षा आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार बघ. तो २०२४ मध्ये आला. तो ७० वॅटचाच आहे आणि कंपनीच्या मूळ आराखड्यात त्याला वेगळी वायरच लागत नाही. सगळी वीज स्लॉटमधून! वायर नाही, कन्व्हर्टर नाही, खोटं बोलणंही नाही. मात्र घेताना नाव पूर्ण वाच. याच नावाचा ८ जीबीचा प्रकार जास्त वीज खातो.

यात तुमचं किती नुकसान होईल? ३०६० मध्ये ३५८४ कोअर आहेत, म्हणजे हिशेब करणारे छोटे छोटे कामगार. या ३०५० मध्ये २३०४. मेमरीही १२ जीबीच्या जागी निम्मी. फिल्म थोडी सावकाश होईल, हे खरं. पण कामगार जवळजवळ दोनतृतीयांश आणि वीज निम्म्याहून कमी! सौदा काही वाईट नाही.

यूपीएसचाही हिशेब करून ठेव. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. वीजपेटीची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ३०६० सह ३७५ वॅटच्या कामाला भिंतीतून जवळजवळ ४७० वॅट लागतील. लाइट गेली की यूपीएस मान टाकणार! ३०५० सह तोच आकडा ३४५ च्या आत राहतो. काठावर आहे, पण काम 'सेव्ह' करून संगणक बंद करायला पुरेल.

आणि पैसे देण्याआधी आपला संगणक दुकानात नेऊन कार्ड लावून बघायला सांग. नव्या कार्डाचं जुन्या मदरबोर्डाशी जमतं का, हे तिथेच कळलेलं बरं.

लक्षात ठेवा

१. कॅबिनेट उघडण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. प्लग काढल्यावर चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते.

२. घरातलं मोठं माणूस सोबत असल्याशिवाय हे काम करू नका.

३. वीजपेटी कधीही, कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली असू शकते.

४. कार्ड हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या लोखंडी भागाला हात लावा. अंगावरची स्थिर वीज निघून जाईल.

५. जळका वास आला, तर "एवढं काम होऊ दे" म्हणू नका. तिथल्या तिथे मेन स्विच बंद करा.

आणि दुकानदारकाकांवर रागावू नका हं. त्यांना हा ५४ वॅटचा हिशेब दाखवा. पुढच्या गिऱ्हाइकाला ते कन्व्हर्टर देण्याआधी विचार करतील.

या आठवड्याचं कोडं

एका कार्डाला स्लॉटशिवाय सहा पिनांची एक आणि आठ पिनांची एक अशा दोन वायरी लागतात. नियमाप्रमाणे त्याला जास्तीत जास्त किती वॅट मिळू शकतील? आणि ते सगळे १२ व्होल्टवर आले असं धरलं, तर किती अँपिअर वाहतील?

कागद-पेन्सिल घ्या आणि हिशेब करा. उत्तर पुढच्या अंकात. तोवर आपापल्या संगणकाच्या वीजपेटीवरचं लेबल वहीत उतरवून ठेवा. पुढच्या वेळी त्या लेबलावरची '८० प्लस' ही खूण म्हणजे काय, ते बघू या.