काढा म्हणणारेही चोर, कुलूप घालणारेही चोर



इंदापूर तालुक्यात निरवांगीच्या बाजूला हंगामात जे ट्रक धावतात, ते काही सगळे मोठ्या शेठजींचे नाहीत. पुष्कळसे दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे, हप्त्यावर घेतलेले, आणि मालक शेतकऱ्याचाच पोरगा. हंगामात ऊस, एरवी कडबा नाहीतर ज्वारीची पोती. कापसाच्या मुलखातही हीच तऱ्हा. भाडे व्यापारी देतो असे दिसते, पण आपल्याला भाव सांगताना त्याने ते आधीच कापलेले असते. म्हणून ट्रकच्या सायलेन्सरला काय जोडले आहे, हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशाचा प्रश्न आहे.

एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आले, एप्रिल २०२० पासून बीएस-६. जड इंजिनाने एका युनिट कामामागे नायट्रोजनचे वायू ३.५ ग्रॅमपर्यंत सोडायची मुभा होती, ती ०.४ वर आली. त्यासाठी काजळी धरणारा फिल्टर आला आणि धुरात युरियाचे पाणी फवारणारी यंत्रणा आली. त्या पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया असतो. पण आपल्या ४५ किलोच्या गोणीतला निंबोळी लावलेला युरिया तिथे चालत नाही, यंत्रणा जाम होते, आणि अनुदानाचा युरिया तिकडे वळवणे गुन्हा आहे. (आपल्याला खरिपात एका गोणीसाठी दुकानदार दुसरे काय काय गळ्यात मारतो, ते वेगळेच.)

धूर कमी करण्याला आमचा विरोध नाही. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये सांगितले. तो धूर आधी ड्रायव्हर, क्लीनर आणि हमालाच्या छातीत जातो. नायट्रोजनच्या वायूंपासून उन्हात ओझोन तयार होतो आणि तो कापसाच्या पिकालाही बाधतो. तेव्हा यंत्रणा काढून फेका, असा सल्ला देणारा आपला नव्हे.

पण लोक काढतात का, ते कोणी विचारले? जवळची खेप, थांबत थांबत चाल, धूर पुरेसा तापत नाही, फिल्टरमध्ये काजळी साठते. एखादा सेन्सर बिघडला की दिवा लागतो आणि भरल्या गाडीची ताकद कमी होते. गावचा फिटर आख्खे इंजिन उतरवून बसवील, पण बिघाडाचा कोड वाचायचा स्कॅनर आणि त्याचा पासवर्ड कंपनीच्या वर्कशॉपात. गाडी तिथे न्या, चार दिवस भाडे बुडवा, साफ करून भागणारा भाग नवा घ्या. मग कोणीतरी एक छोटी डबी घेऊन येतो. ती कॉम्प्युटरला सांगते, सगळे ठीक आहे.

गंमत पुढे आहे. पीयूसीमध्ये डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजतात, नायट्रोजनचे वायू मोजतच नाहीत. म्हणजे डबीवाल्याला सर्टिफिकेट मिळू शकते आणि प्रामाणिक माणूस वर्कशॉपच्या दारात उभा!

शिक्षा मात्र मालकाला. २०१९ च्या दुरुस्तीने गाडीत बेकायदा फेरफार केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड ठेवला. आणि कंपनीने फसवले तर? फोक्सवॅगनने जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत चाचणीला फसवणारे सॉफ्टवेअर घातल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. आपल्याकडे हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड लावला. त्याच साली सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई करू नका म्हणून सांगितले. निरवांगीच्या ट्रकवाल्यासाठी एवढी धाव कोण घेणार?

केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारगाड्या आणि शेतीची अवजारेही धरली. पुढे पोर्टल निघाले. पोर्टलने ट्रक चालू होत नाही. अमेरिकेतले शेतकरी याच मुद्द्यावर जॉन डिअरशी भांडले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगाला कंपनीवर दावा लावावा लागला.

जिल्हा बैठकीत ठराव येणार आहे. बिघाडाचे कोड आणि स्कॅनर रास्त दरात कोणत्याही गॅरेजला मिळावेत, सुटे भाग खुल्या बाजारात यावेत, पीयूसीत नायट्रोजनचे वायू मोजावेत, आणि हे होईपर्यंत आरटीओने बंद पडलेली यंत्रणा दुरुस्त करायला मुदत द्यावी, दंडाची पावती नव्हे. ज्यांच्याकडे वर्कशॉपची बिले आहेत, त्यांनी ती बैठकीला घेऊन यावीत. किती दिवस गाडी उभी राहिली, तेही मागे लिहून आणावे.